जंगलात जनावर शोधायला दुर्बीण: ८×४२ की १०×४२?

बर्डीकर
नमस्कार मंडळी. दुर्बीण घ्यायची आहे. वापर मुख्यतः पेंच (सिल्लारी, चोरबाहुली), उमरेड-कऱ्हांडला आणि कधीमधी ताडोबा. बजेट पंधरा हजारांपर्यंत. ऑनलाइन शोधलं की निम्मा माल ‘हंटिंग बायनाक्युलर’ या नावाखाली येतो: हिरवा-तपकिरी चट्टेरी रंग, लाल काचा, कुणावर ६०×६० लिहिलेलं, कुणात झूम. या शिकारीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणी आपल्या सफारीला योग्य आहेत का? ८ पट घ्यावी की १० पट (८×४२ मधला पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या काचेच्या व्यासाचा, मिमीत)? वडील चष्मा लावतात, त्यांनाही वापरता यायला हवी. आणि बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायचं झालं तर हीच चालेल का?

काटोलकर
भाऊ, आठची घ्या. जिप्सीत हात असेही हलतेच. दहाची घेतली तर वाघ नाही, वाघाचा डान्स दिसन.

वैनगंगा
वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे.

संपादक
सुरुवातीलाच एक सूचना. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे चर्चा जनावर पाहण्यापुरतीच ठेवावी. ‘हंटिंग’ छापलेली दुर्बीण विकत घेण्यात गैर काही नाही.

ऐनसाग
बर्डीकर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे.

परदेशात शिकारीसाठी दुर्बिणी बनतात त्या तिथल्या भूभागासाठी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत दोन-तीन किलोमीटरवरचा उतार तासन् तास न्याहाळतात. तिथे १०×४२, १२×५०, १५×५६ चालतात, आणि मोठ्या पटीच्या दुर्बिणी ट्रायपॉडवर लावतात. जर्मनी-ऑस्ट्रियात उंच मचाणावरून संधिप्रकाशात पाहायचं असतं, म्हणून तिथे ८×५६ सारख्या जड, मोठ्या काचांच्या दुर्बिणी आवडतात. दोन्ही ठिकाणी माणूस एका जागी स्थिर असतो.

आपलं जंगल साग, ऐन, तेंदू आणि बांबूचं. रस्त्याच्या कडेपासून तीस ते ऐंशी मीटरच्या पुढे नजर क्वचितच जाते. जनावर त्या अंतरात असतं, अर्धं झाडोऱ्याआड असतं आणि दहा-पंधरा सेकंदांत निघून जातं. इथे लागतं रुंद क्षेत्र (एका वेळी दिसणारा पट्टा), झटपट फोकस आणि स्थिर चित्र. ही तिन्ही कामं ८ पटीची दुर्बीण जास्त चांगली करते.

आकड्यांत पाहा. ८×४२ चं क्षेत्र साधारण ७.५ ते ८ अंश असतं. १ अंश म्हणजे १००० मीटरवर १७.५ मीटर. म्हणजे ८ अंशांत ५० मीटरवर ७ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. १०×४२ ला साधारण ६ ते ६.५ अंश मिळतात, तिथे हाच पट्टा साडेपाच मीटरच्या आसपास येतो. बिबट रस्ता ओलांडताना हा दीड मीटर फार मोठा असतो.

डब्यावर कधी कधी ‘१००० यार्डांवर ३९३ फूट’ असं लिहिलेलं असतं. त्याला ३ ने भागा: १३१. हे झाले १००० मीटरवरचे मीटर, म्हणजे ७.५ अंश.

गोरेवाडा_पक्षी
ऐनसाग, दाट जंगलापुरतं मान्य. पण नागपूरचा माणूस फक्त वाघ पाहत नाही. अंबाझरी, गोरेवाडा किंवा विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या तलावावर हिवाळ्यात बदकं आणि पट्टकादंब दोन-तीनशे मीटरवर बसतात. तिथे ८ पटीने चोचीचा रंग कळत नाही, १० ने कळतो. पेंचच्या तोतलाडोह जलाशयाच्या काठावरही तेच. आणि संधिप्रकाशाचा ट्वायलाइट फॅक्टर पाहिला तर ८×४२ चा १८.३ आहे, १०×४२ चा २०.५. म्हणजे कमी उजेडातही दहाच वरचढ.

ऐनसाग
तलावाचं मान्य. फॅक्टरचं नाही. तो आकडा म्हणजे पट गुणिले पुढच्या काचेचा व्यास, आणि त्याचं वर्गमूळ. बस्स. त्यात काचेचा दर्जा नाही, लेपन (कोटिंग) नाही, डोळ्यात किती उजेड पोचतो तेही नाही. याच सूत्राने २०×२५ ची खिशातली दुर्बीण २२.४ वर जाते, म्हणजे कागदावर तुमच्या १०×४२ ला मागे टाकते. संध्याकाळी सहानंतर तिच्यातून काय दिसेल? काळोख.

त्यापेक्षा पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागा. मागच्या काचेतून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याची रुंदी मिळते.
८×४२ : ५.२५ मिमी
१०×४२ : ४.२ मिमी
८×३२ : ४ मिमी
१०×५० : ५ मिमी
७×५० : ७.१ मिमी
१०×२५ : २.५ मिमी
बाहुली पुरेशी मोठी झालेली असेल तर ८×४२ मध्ये चित्र १०×४२ पेक्षा दीडपटीहून उजळ असतं. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, तेव्हा फरक जाणवत नाही. पहाटे गेट उघडताना आणि संध्याकाळी परतताना जाणवतो, आणि जनावर हलतं तेही तेव्हाच.

ठिपका मोठा असण्याचा दुसरा फायदा धक्क्यांचा. गाडी हलली की डोळा ठिपक्याबाहेर जातो आणि चित्र काळं होतं. ठिपका ५ मिमीचा असेल तर हे कमी होतं.

नेत्रवैद्य
यात वयाचा मुद्दा जोडतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते. साठीच्या आसपास ती बहुतेकांची ५ मिमीच्या जवळ थांबते. म्हणजे बर्डीकरांच्या वडिलांनी मचाणावर ७×५० वापरली तरी ७.१ मिमीच्या ठिपक्यातला बराचसा उजेड बाहुलीच्या कडेवर पडून वाया जाईल. त्यांना ८×४२ जवळजवळ तेवढंच देईल, आणि वजनात दोन-तीनशे ग्रॅमची तरी बचत होईल.

चष्म्याचं: डब्यावर ‘आय रिलीफ’ पाहा. मागच्या काचेपासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण गोल दिसतो ते हे अंतर. चष्मेवाल्याला किमान १५-१६ मिमी हवेत, भिंग जाड असेल किंवा फ्रेम नाकावर पुढे बसत असेल तर १७-१८. अंतर कमी पडलं तर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि ८ अंशांची दुर्बीण पाच-सहा अंशांची होते. चष्मा लावून बघताना रबरी कप पूर्ण खाली करायचे, चष्म्याविना पूर्ण वर.

फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकसचं चाक तेवढी दुरुस्ती करतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चाकाने सुटत नाही, चष्मा ठेवावाच लागतो.

तेंदूपत्ता
नेत्रवैद्यांशी शंभर टक्के सहमत. याच कारणाने निकॉनची अ‍ॅक्युलॉन किंवा ऑलिंपसची डीपीएस वडिलांसाठी घेऊ नका. काचा पैशाच्या मानाने उत्तम आहेत, पण आय रिलीफ १२ मिमीच्या आसपास आहे. शिवाय दोन्ही पाण्यापासून बंदिस्त नाहीत.

मोहफूल
म्हणजे जुन्या पद्धतीच्या, खांदे बाहेर आलेल्या दुर्बिणी वाईटच का? दुकानदार म्हणतात सरळ नळीवाल्या नव्या आणि चांगल्या.

ऐनसाग
अजिबात वाईट नाहीत, ताई. बाहेर खांदे असलेल्या त्या पोरो प्रिझमच्या. त्यात उजेड प्रिझमच्या आतूनच पूर्ण परावर्तित होतो, आरशासारखा थर लावावाच लागत नाही. म्हणून कमी किमतीतही चित्र उजळ आणि खोलीदार मिळतं. सरळ नळीत रूफ प्रिझम असतं. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात एका पृष्ठभागावर परावर्तक थर द्यावा लागतो, अॅल्युमिनियमचा, चांदीचा किंवा सगळ्यात चांगला डायइलेक्ट्रिक. शिवाय फेज कोटिंग लागतं, नाहीतर बारीक तपशील पुसट होतात. हा खर्च वाढतो. त्यामुळे आठ हजारांच्या खाली पोरो घ्या. पंधराच्या आसपास फेज कोटिंग असलेली, नायट्रोजन भरलेली रूफ मिळत असेल तर ती घ्या, कारण आपल्या धुळीत आणि पावसात बंदिस्त नळी टिकते.

कोटिंगची भाषाही बघून घ्या. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावर एक थर. ‘फुली मल्टीकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक काचेवर अनेक थर. कोऱ्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो आणि दुर्बिणीत असे दहाहून जास्त पृष्ठभाग असतात. हिशेब तुम्हीच करा.

साधामाणूस
त्या लाल काचांचं काय? दिसायला लय भारी दिसते.

तेंदूपत्ता
साधामाणूस भाऊ, दिसते भारी, दाखवते हिरवं. लाल लेपन लाल उजेड बाहेर फेकतं, म्हणून समोरून काच लाल दिसते. आत जे उरतं त्यातून लाल-केशरी गेलेला असतो. आता वाळलेल्या सागाच्या पानांत वाघ शोधायचा तर नेमका तोच रंग हवा! लाल काच नकोच.

‘६०×६०’ हे नुसतं छापलेलं असतं. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या काचेतला उजेडाचा ठिपका पट्टीने मोजा. पुढची काच खरंच ६० ची आणि पट ६० असेल तर ठिपका १ मिमीचा यायला हवा. चार मिलिमीटर आला तर छापील आकडा खोटा. खऱ्या ८×४२ ला सव्वापाच येतो.

झूमवाली नको: पट वाढवली की क्षेत्र गुहेसारखं अरुंद होतं आणि दोन्ही नळ्यांचं झूम एकसारखं सरकत नाही. ‘फोकस फ्री’ (फोकसचं चाकच नसलेली) नको, जवळचं काही स्पष्ट दिसत नाही. लेझरने अंतर मोजणारी नको, पैसे यंत्रात जातात, काचेत नाही. चट्टेरी रंगाने जनावराला काही फरक पडत नाही. तुमचे कपडे मळकट रंगाचे हवेत आणि हालचाल संथ हवी.

काटोलकर
अन् तोंड बंद हवं. हे कोनत्याच डब्यावर लिहिलं नसते.

मोहफूल
काटोलकर भाऊ 😀 +१

वैनगंगा
दुकानात गेल्यावर नक्की काय तपासायचं? पाच मिनिटांत होईल असं सांगा.

नेत्रवैद्य
वैनगंगाताई, दुर्बीण दुकानाच्या बाहेर रस्त्यावर आणून बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

आधी नळ्या जवळ-दूर करून दोन गोलांचा एक गोल होऊ द्या. लहान मुलांची आणि काही बायकांची डोळ्यांतली अंतरं कमी असतात. बऱ्याच दुर्बिणी ५६ मिमीच्या खाली मिटत नाहीत, तेव्हा हे पहिलं बघा.

मग उजवी पुढची काच टोपीने झाका. दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्याने लांबच्या दुकानाची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. आता डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या बाजूच्या डायऑप्टर कड्याने (ते एकट्या उजव्या नळीचा फोकस बदलतं) तीच पाटी स्पष्ट करा. ते कडं कोणत्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवा. हे एकदा झालं की पुढे फक्त मधलं चाक.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का. लांबची आडवी वीजतार किंवा गच्चीची कड धरा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटीमीटर मागे न्या. दोन गोल वेगळे दिसू लागतील. तार दोन्ही गोलांत एकाच उंचीवर हवी. एका गोलात वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर ती दुर्बीण परत द्या. डोळे आडवी चूक थोडीफार सांभाळून घेतात, उभी नाही. अर्ध्या तासात कपाळ दुखू लागतं आणि माणसाला वाटतं आपल्याला दुर्बीण झेपतच नाही.

बर्डीकर
हे सोनं आहे, सर. ऑनलाइन मागवली तर?

नेत्रवैद्य
डबा उघडल्या दिवशीच हीच तपासणी करा, परत देण्याची मुदत संपायच्या आत. पावतीवर भारतातली वॉरंटी आहे का तेही बघा. स्वस्त दुर्बीण नंतर रेषेत आणून घेणं किमतीच्या मानाने परवडत नाही.

गोरेवाडा_पक्षी
हात थरथरण्यावर उपाय आहेत, म्हणून मी अजून दहाला धरून आहे. कोपर छातीला टेकवा, नळ्या पुढच्या टोकाकडे धरा, डोक्यावरच्या टोपीची झडप बोटांनी दुर्बिणीवर दाबा. जिप्सीच्या लोखंडी दांड्याला दुर्बीण टेकवू नका, इंजिनची थरथर सरळ आत येते. चालकाला इंजिन बंद करायला सांगा. तलावावर मोनोपॉड (एकपायी टेकू) लावा: बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक छोटी टोपी असते, ती फिरवून काढली की आत पाव इंची आटे असतात. तिथे एल आकाराचा अडॅप्टर बसतो.

ऐनसाग
हे सगळे उपाय ८ पटीलाही लागू आहेत, म्हणजे ती आणखी स्थिर 🙂. आणि एक गोष्ट उपायांनी सुटत नाही: खोली. एका फोकसवर पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं, ते पटीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात कमी होतं. ८ पटीत ते १० पटीच्या दीडपटीहून जास्त. बांबूच्या बेटात याचाच उपयोग.

शिवाय उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की लांबची हवा उकळते. तीनशे मीटरवरचं चितळ ८ मध्ये लहरतं, १० मध्ये जास्त लहरतं. तिथे पट वाढवून तपशील वाढत नाही.

तेंदूपत्ता
दुर्बिणीइतकंच बघण्याचं तंत्रही लागतं, त्यावर लिहितो.

दुर्बीण डोळ्याला लावून जंगलभर फिरवली तर काहीच सापडत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी. काही खटकलं की नजर त्या जागेवर खिळवायची, मान न हलवता दुर्बीण वर आणायची. नजर खाली दुर्बिणीकडे गेली की जागा हरवली.

मग तुकडे पाडून बघायचं. जवळून लांब, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवायचा. अख्खं जनावर शोधायचं नाही, भाग शोधायचे. सागाचे खोड उभे असतात, त्यात आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. हरणाचा कान माशीमुळे सतत हलतो. बांबूच्या सावलीत बसलेला सांबर पूर्ण तपकिरी असतो, पण कानाच्या आतली फिकट बाजू एकदा फडकली की मग नाक, डोळा, शिंगाचं टोक असं एकेक जुळत जातं. बांबू मध्ये येत असेल तर चाक पलीकडे फिरवत न्या: पुढची पानं धूसर होऊन विरतात आणि मागचं उमटतं.

आवाजावर दुर्बीण लावा. वानराचा ‘खक्’ असा धोक्याचा आवाज आला की वाघ शोधू नका, आधी वानर शोधा आणि ते कुठे बघतंय ते दुर्बिणीतून बघा. चितळं कशालाही दचकून ओरडतात. सांबराचा ‘ढाँक’ सलग येत राहिला तर गाडी हलवू नये.

साधामाणूस
तेंदूपत्ता भाऊ, हे तर गाइडनं पण नाही सांगितलं कधी. वाचनखूण साठवली.

मोहफूल
वजनाचं कुणी बोललं नाही. चार तास गळ्यात ६००-७०० ग्रॅम म्हणजे मानेची वाट लागते. मी ८×३२ सुचवेन, त्या साधारण ४५०-५५० ग्रॅमच्या असतात. क्षेत्र तेवढंच किंवा थोडं जास्तच मिळतं, फुलपाखरांसाठी दोन मीटरपर्यंत जवळचा फोकसही अनेकांत असतो. उजेड पहाटेपुरता थोडा कमी.

ऐनसाग
मोहफूल, पायी फिरणाऱ्यांसाठी ८×३२ अगदी योग्य. जिप्सीत ४२ परवडते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी पाठीवर फुली पडणारा हार्नेस घ्या, भार खांद्यांवर जातो आणि धक्क्यात दुर्बीण छातीवर आपटत नाही.

वैनगंगा
आणि मचाणाचं? बुद्धपौर्णिमेचा प्रश्न राहिला.

तेंदूपत्ता
वन विभागाच्या ‘निसर्गानुभव’ उपक्रमात (बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून प्राणी पाहणं) पाणवठा मचाणापासून सहसा जवळ असतो, पट कमी असली तरी चालते. भर चांदण्यात ८×४२ ने गवा, सांबर, अस्वल ओळखता येतात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइलचा पडदा पाहिला की पुन्हा शून्यापासून. उजेड लागलाच तर मंद लाल टॉर्च. मचाणावर बसल्या बसल्या, उजेड असतानाच, दुर्बिणीचा फोकस पाणवठ्याच्या काठावर लावून ठेवा. रात्री चाक फिरवत बसू नका.

बर्डीकर
सर्वांचे आभार. ८×४२, रूफ, फेज कोटिंग, आय रिलीफ १६ च्या वर, बंदिस्त नळी, इतकं नक्की. निकॉनची प्रोस्टाफ पी३ आणि व्होर्टेक्सची डायमंडबॅक एचडी या दोन नजरेत आहेत. कुठली?

ऐनसाग
दोन्ही बंदिस्त, दोन्ही चष्म्याला चालतील. पी३ चं आय रिलीफ २०.२ मिमी आणि क्षेत्र ७.२ अंश. डायमंडबॅकचं १७ मिमी आणि ७.५ अंश, शिवाय तिला फेज आणि डायइलेक्ट्रिक दोन्ही कोटिंग आहेत. चित्र डायमंडबॅकचं सरस. बजेटात बसली तर ती. मात्र वडिलांचं भिंग जाड असेल तर त्यांच्या चष्म्यासकट दोन्ही बघून घ्या, १७ मिमीत त्यांना कडा दिसत नसतील तर पी३.

गोरेवाडा_पक्षी
आठ घेताय, हरकत नाही. तलावावर या, माझी दहा तिथे वापरा.

साधामाणूस
पावसाळ्यात बुरशी लागते म्हणतात. कापूर-डांबरगोळी ठेवू का डब्यात?

नेत्रवैद्य
डांबरगोळी नको, तिची वाफ काचेवर बसते. चामड्याची पेटीही नको, ती ओल धरते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओले झाले समजा, ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवणं धोक्याचं.

सफारीहून आल्यावर काच लगेच पुसायची नाही. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर मायक्रोफायबरवर लेन्सच्या द्रवाचा थेंब टाकून मधून कडेकडे. रुमाल किंवा दुपट्ट्याने कोरडी धूळ घासली की लेपनावर बारीक ओरखडे पडतात, ते जात नाहीत. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बंद गाडीत ग्रीस पातळ होतं, चिकटवलेलं प्रिझम सरकतं आणि तुमची तार दोन गोलांत वर-खाली दिसू लागते.